माती गेली कुठे? बिळात राहणाऱ्या प्राण्यांची चित्रपुस्तकं

बिळातल्या प्राण्याचं चित्रपुस्तक हातात आलं की मी आधी त्यात मातीचा ढीग शोधते. प्राणी गोंडस आहे का, रंग कसे आहेत, मजकूर किती आहे, हे सगळं नंतर. जमीन पोखरली की माती निघणारच, आणि निघालेली माती कुठेतरी जाणारच. चित्रकारानं ती कुठे टाकली आहे ते पाहिलं की त्यानं त्या जनावराची किती माहिती घेतली आहे ते लगेच कळतं. हा प्रश्न मला एका मुलानं दिला. इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या पुढच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी कॉलनीतली मुलं गोष्टी ऐकायला जमतात. त्यांतल्या दुसरीतल्या एकानं पानावर बोट ठेवून विचारलं, "आजी, ह्यानं एवढं लांब खोदलं, मग माती गेली कुठे?" चित्रात जमिनीखाली हातभर लांब बोगदा होता आणि वर हिरवंगार सपाट गवत. ढेकूळसुद्धा नव्हतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, तरी इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

तेव्हापासून या विषयावरची पुस्तकं मी जमवते आहे. इथे नावं घेऊन परीक्षण करण्यात फारसा अर्थ नाही. बहुतेक पुस्तकं किलोवर विकणाऱ्या प्रदर्शनांतून आली आहेत. परदेशातल्या वाचनालयांतून निघालेली, पहिल्या पानावर कुणा परक्या मुलाचं नाव असलेली. तेच पुस्तक तुम्हाला पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून प्रकार सांगते, ओळखायच्या खुणा सांगते. इंदुरात पुस्तकं म्हटलं की सगळे खजुरी बाजाराकडे बोट दाखवतात, पण तिथे मुख्यतः शाळा-कॉलेजची पुस्तकं, गाइड आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. चित्रपुस्तकं तिथे शोधत बसू नका. नवं आयात केलेलं चित्रपुस्तक ऑनलाइन मागवलं तर 500 रुपयांच्या आसपास जातं, आणि आत काय आहे ते आधी बघता येत नाही. किलोच्या प्रदर्शनात जमिनीवर बसून एकेक पान उलटता येतं. चित्रपुस्तक घ्यायची हीच खरी पद्धत आहे.

सगळ्यांत जास्त पुस्तकं मोलची, म्हणजे जमिनीखाली बोगदे करून राहणाऱ्या, चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याची. इंग्लंड-जर्मनीत तो बागेबागेत असल्यामुळे तिथल्या चित्रकारांचा तो लाडका. आपल्याकडे मोल आहेत ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे, माळव्यात नाहीत. त्यामुळे आमच्या मुलांना हा प्राणी पुस्तकातूनच भेटतो आणि पुस्तक जे दाखवेल तेच खरं ठरतं. म्हणूनच चष्मा घातलेल्या मोलचा मला राग येतो. डझनभर पुस्तकांत त्याला जाड भिंगांचा चष्मा दिलेला असतो, धडपडायला लावलेलं असतं, आणि सगळी गंमत त्याच्या न दिसण्यावर. खऱ्या मोलचे डोळे मोहरीएवढे, त्याला उजेड-अंधार कळतो, आणि त्याचं काम नाकावर, मिशांवर, कातडीला जाणवणाऱ्या थरथरीवर चालतं. त्याच्या जगात त्याचं काहीही अडत नाही. त्याच्या केसांना एक दिशा नसते, पुढे हात फिरवा की मागे, मखमल सारखीच. म्हणून अरुंद बोगद्यात तो तितक्याच सहज उलटा धावतो. पुढच्या पंजाला पाच बोटं, आणि शेजारी सहाव्या अंगठ्यासारखं एक जादा हाड, त्यामुळे पंजा फावड्याएवढा रुंद होतो. एवढी सामग्री हाताशी असताना चष्मा कशाला हवा?

याच ढिगातलं एक पातळ पुस्तक मात्र मी कुणालाही द्यायला तयार आहे. मजकूर जवळजवळ नाहीच. प्रत्येक पानाच्या वरच्या बोटभर पट्टीत बाग: सकाळ, पाऊस, बर्फ, पुन्हा गवत. खालचं उरलेलं सगळं पान जमिनीतलं. त्यात मोल एकटाच आहे, कारण मोल एकटाच राहतो. त्याला आई-बाबा-ताई असं कुटुंब जोडायचा मोह चित्रकारानं टाळला आहे. बाहेर बर्फ पडतं त्या पानावरही तो जागा आहे आणि खणतो आहे, कारण मोल हिवाळाभर झोपून राहत नाही, गांडुळांच्या मागे आणखी खोल जातो. एका कोपऱ्यात गांडुळांचं कोठार आहे, जिवंत पण हलू न शकणारी गांडुळं, डोक्याकडून चावलेली. आमच्याकडच्या दोन मुलींनी "ईऽऽ" केलं आणि मग तेच पान पुन्हा मागितलं. आणि प्रत्येक पानावर, बागेच्या हिरवळीवर, मातीचे ताजे ढीग आहेत, पान उलटावं तसे वाढत जाणारे. शेवटच्या पानावर बागेचा मालक हातात फावडं घेऊन त्या ढिगांकडे बघत उभा आहे. दुसरीतल्या मुलाला त्याचं उत्तर मिळालं, एक शब्द न वाचता.

सशांच्या पुस्तकांचं सांगायचं तर कपडे घातलेल्या प्राण्यांना माझा विरोध नाही. ही शंका काढून टाकायला बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या पीटर रॅबिटचं उदाहरण पुरेसं आहे. 1893 साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रातून ती गोष्ट सुरू झाली आणि 1902 साली पुस्तक बाजारात आलं. पीटरला निळं जाकीट आहे, पायात जोडे आहेत. पण बागेत पळताना जोडे जातात, आणि जोडे गेल्यावर तो चार पायांवर पळू लागतो व आधीपेक्षा जोरात पळतो. पुढे जाकिटाची बटणं जाळीत अडकतात आणि जाकीटही जातं. म्हणजे जीव वाचवायच्या वेळी तो पुन्हा पुरता ससा होतो. पॉटर ससे पाळत होती, तासन्‌तास त्यांची चित्रं काढत होती. ते प्रत्येक पाठीच्या वळणात दिसतं. कपड्यांमुळे काही बिघडत नाही. कपड्यांच्या आत ससा आहे की नाही, एवढंच मी बघते.

या निकषावर हल्लीची सशांची पुस्तकं फार कमी टिकतात. बिळात गालिचा, भिंतीवर आजोबांचा फोटो, पंखा, दुमजली पलंग. खिडकीसुद्धा पाहिली मी, जमिनीखाली पडदे लावलेली खिडकी! मुलाला त्यात नवं काय मिळालं? स्वतःचंच घर, फक्त छताला मुळ्या. खरं बीळ याहून कितीतरी चमत्कारिक असतं. युरोपातली रानससी पिल्लांसाठी वेगळं, आखूड बीळ खणते. गवत आणि स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस आत अंथरते. पिल्लं जन्मतात ती उघडी, आंधळी. आई तोंडाला माती लोटून निघून जाते आणि दिवसातून साधारण एकदा, काही मिनिटांपुरती पाजायला येते. हे जसंच्या तसं दाखवणारं एक पुस्तक माझ्याकडे आहे, जलरंगातलं, फार हळुवार हाताचं. ते वाचून दाखवताना माझी नात रडवेली झाली होती: आई सोडून का जाते? मी पुस्तक मिटलं नाही. आई सारखी ये-जा करेल तर वासानं कोल्ह्याला पत्ता लागेल, म्हणून ती लांब राहते, असं सांगितलं. पुढच्याच पानावर कोल्हा हुंगत हुंगत वरून निघून जातो आणि खाली पिल्लं झोपलेली आहेत. ते पान आल्यावर तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. गोडगोड पुस्तकांना ही जागा कधी सापडत नाही.

इथे पालकांसाठी एक सूचना. आपल्या शेतात दिसणारा ससा बीळ करत नाही. तो गवतात अंगापुरता खळगा करून बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. परदेशी पुस्तक वाचून झाल्यावर मुलं सांवेरच्या शेतावर सशाचं बीळ शोधायला लागली, तेव्हा हे सांगावं लागलं. चांगल्या पुस्तकातही मागच्या पानावर दोन ओळी हव्यात: हा कुठला ससा, तो कुठे राहतो. ज्या पुस्तकात अशा ओळी नाहीत, तिथे मी पेन्सिलीनं लिहून ठेवते.

बॅजर म्हणजे तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा युरोपातला प्राणी. त्याचं एकच पुस्तक चांगलं मिळालं. त्यात तो गवताचा भारा हनुवटीखाली धरून उलटा चालत बिळात नेतो, आणि उन्हाच्या दिवशी अंथरूण बाहेर काढून वाळवतो. हे दोन्ही बॅजर खरोखर करतो. बिळाबाहेर मातीचा मोठा उतार आहे, पिढ्यान्‌पिढ्या उपसलेल्या मातीचा. पूर्ण गुण.

आता ज्या पुस्तकानं आमची एक अख्खी संध्याकाळ घेतली त्याबद्दल. अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरच्या प्रेअरी डॉगचं पुस्तक. हा प्राणी खारीच्या कुळातला, वसाहत करून राहणारा. बीळ लांब, खोल, आणि आत हवा कोंडायला हवी. मग तो गुदमरत का नाही? पुस्तकात उत्तर चित्रातच आहे. बिळाच्या एका तोंडाशी माती रचून उंच उंचवटा केलेला, दुसरं तोंड बुटकं. जमिनीलगत वारा संथ, थोडं वर तो जोरात. उंच तोंडावरून वारा जोरात वाहतो तेव्हा तिथून आतली हवा ओढली जाते आणि बुटक्या तोंडातून ताजी हवा आत येते. म्हणजे उपसलेली माती फेकून दिलेली नाही, तिचंच धुराडं केलं आहे! चित्रकारानं हवेसाठी फिकट निळ्या रेघा काढल्या आहेत, बारीक, नुसत्या वळणदार. मुलांना पटेना. मग प्लास्टिकची पारदर्शक नळी वाकवून एक तोंड वर बांधलं, वरच्या तोंडावरून टेबलफॅनचा वारा सोडला आणि खालच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर आपणहून नळीत शिरला आणि वरून बाहेर पडला. तीन-चार जणांनी पुस्तक उचलून त्या निळ्या रेघा पुन्हा पाहिल्या. खाली एक वाक्य आहे, पण ते न वाचता सगळं कळतं. चित्रपुस्तकात चित्रानं काम करायचं असतं म्हणतात, ते असं.

नग्न मोलरॅटच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून एका आईनं ते बाजूला सरकवलं होतं. गुलाबी, सुरकुतलेला, केस नाहीत, दात ओठांच्या बाहेर. पण तेच दात वाचण्यासारखे आहेत. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे दातांनी माती कुरतडताना ती तोंडात जात नाही. पूर्व आफ्रिकेतला हा प्राणी मधमाश्यांसारखा एका राणीच्या राज्यात राहतो. उंदराएवढा असून 30 वर्षांहून जास्त जगू शकतो. आणि माती? सगळ्यांत पुढचा कुरतडतो, मागची रांग पायांनी माती मागे मागे सारते, आणि शेवटचा ती बाहेर उधळतो. जमिनीवर जणू छोटा ज्वालामुखी उडतो आहे. पुस्तकात ही रांग दोन जोडपानांवर आडवी धावते. मुलांनी ती खोलीत करून पाहिली, उशा माती झाल्या. दिसायला सुंदर नसलेल्या प्राण्याचं पुस्तक मुलं जवळ करतात की नाही ही शंका ज्यांना आहे त्यांनी हे घेऊन बघावं.

वॉम्बॅटचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बिळात राहणाऱ्या, पिशवीत पिल्लू बाळगणाऱ्या प्राण्याचं पुस्तक बरं आहे. पिल्लाची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे खणताना माती पिल्लावर पडत नाही, ही गोष्ट त्यात आहे. पण निम्मं पुस्तक त्याच्या चौकोनी लेंड्यांवरच्या हशावर खर्च झालं आहे. मीरकॅटची, म्हणजे आफ्रिकेतल्या मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्याची पुस्तकं सगळी एकसारखी, सगळ्यांत तो दोन पायांवर उभा. बीळ जवळपास नाहीच.

पुस्तक वस्तू म्हणून कसं आहे, यावर पालक बोलत नाहीत, पण बिळाच्या पुस्तकात ते फार महत्त्वाचं आहे. बोगदा आडवा असतो, म्हणून चित्रकार तो जोडपानावर काढतात, आणि बांधणी घट्ट असली की नेमकी मधली खोली शिवणीत गडप होते. एका पुस्तकात पिल्लं ठेवलेली खोलीच शिवणीत गेली आहे, पान कितीही दाबा, अर्धं पिल्लू दिसतं. घेण्यापूर्वी पुस्तक मधोमध उघडून सपाट ठेवून बघा. काही हुशार प्रकाशक पुस्तक उभं उघडतात, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, वरचं पान जमिनीवरचं, खालचं पान जमिनीखालचं. शिवण म्हणजेच जमीन. बिळासाठी याहून चांगली मांडणी मी पाहिलेली नाही. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांत पानांना आरपार भोक पाडलेलं असतं, त्यात दीड-दोन वर्षांचं मूल बोट घालतं आणि पानामागून ते बोट बाहेर येतं. त्या वयाला बीळ समजावण्याचा दुसरा मार्ग नाही. झडपांची, म्हणजे पानावरचं कागदी झाकण उघडून आत बघायची पुस्तकं जुनी मिळाली तर अर्ध्या झडपा फाटलेल्या असतात, आणि झडप नसलेलं असं पुस्तक म्हणजे उत्तर आधीच सांगितलेलं कोडं. छपाईबद्दल एकच: स्वस्त आवृत्तीत गडद तपकिरी आणि काळा एकमेकांत मिसळून जातात आणि जमिनीखालचं सगळं चित्र नुसता डाग होतो. दिव्याखाली नव्हे, खिडकीशी नेऊन बघा.

या मातीच्या रंगावरूनच माझी खरी तक्रार सुरू होते. सगळ्या पुस्तकांत माती तपकिरी. "मालव भूमि गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" हे ज्या मातीबद्दल म्हटलं जातं, ती माती काळी आहे. पावसात फुगते, चिकटते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत बीळ टिकवणं सोपं नाही, म्हणून आमच्याकडे बिळं जास्त करून बांधावर, मेडेवर दिसतात, जिथे नांगर फिरत नाही. ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. याच इंदुरात 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. मातीचा एवढा मोठा पाठ इथून बाहेर गेला. इथल्या मुलांच्या हातात मात्र इथल्या जमिनीखालचं एकही चित्र नाही, हे मला खरोखर टोचतं.

काय काय काढता येईल! शेतातली घूस घ्या. गहू कापणीला आला की ती ओंब्या तोडून बिळात नेते, वेगळ्या कोठारात साठवते, आणि बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवून घेते. बाहेर ढेकळांचा ताजा ढीग दिसला की शेतकरी ओळखतो, घरात आहे. शेतकऱ्याची ती शत्रू आहे हे पुस्तकात लपवू नये, त्या ढिगाशेजारी वैतागलेला शेतकरीही काढावा. खोकड घ्या, माळरानावरचा आपला छोटा कोल्हा. त्याच्या बिळाला अनेक तोंडं, एकीकडून शत्रू आला तर दुसरीकडून पळायला. त्याची पिल्लं संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी खेळतात, याहून चांगलं जोडपान कुणाला हवं? आणि बिळकरी बेडूक. त्याच्या मागच्या पायाला फावड्यासारखी कडक गाठ असते, तिनं तो उलटा, पाठमोरा जमिनीत उतरतो. वर्षाचा मोठा काळ तो मातीत, आणि पहिल्या दमदार पावसाला बाहेर. माती कुठे गेली, याचं त्याच्याकडे सगळ्यांत वेगळं उत्तर आहे: कुठेच नाही. तो खाली जातो तशी माती त्याच्या डोक्यावर पुन्हा मिटते. ढीग नाही, बोगदा नाही, दार नाही. ही कल्पना चित्रात उतरवणारा चित्रकार मला भेटायला हवा.

साळिंदराचं आणि खवल्या मांजराचं एकेक देशी पुस्तक मिळालं. साळिंदराच्या पुस्तकात तो काटे बाणासारखे फेकतो. तो काटे फेकत नाही. काटे उभारून पाठमोरा अंगावर जातो आणि काटे टोचून राहतात. बिळाच्या तोंडाशी तो हाडं आणून ठेवतो आणि कुरतडतो, त्याला त्यातून कॅल्शियम मिळतं. हाडांनी भरलेलं दार! मुलांना एवढं सांगितलं तरी डोळे मोठे होतात, आणि पुस्तकात मात्र खोटे बाण. हे पुस्तक मी शनिवारी काढत नाही. खवल्या मांजराचं पुस्तक कागदानं हलकं, चित्रानं उत्तम. आईच्या शेपटीच्या बुंध्यावर बसलेलं पिल्लू, दात नसलेलं तोंड, लांब जीभ, मुंग्यांचं वारूळ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या प्राण्याला सगळ्यांत वरचं संरक्षण आहे आणि तरी खवल्यांसाठी त्याची शिकार होते, हे शेवटच्या पानावर मुलांना समजेल अशा चार वाक्यांत दिलं आहे. घाबरवलेलं नाही आणि लपवलेलंही नाही.

खरं तर आपल्याकडे बिळाच्या गोष्टी जुन्याच आहेत. श्रावणात नागपंचमीची कहाणी सांगतात: शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मेली आणि नागीण सूड घ्यायला निघाली. त्या दिवशी आमच्याकडे अजूनही जमीन खणत नाहीत, नांगरत नाहीत. माझ्या आजीनं ही कहाणी सांगितली तेव्हा पायाखालच्या जमिनीत कुणाची तरी पिल्लं असतात हे मला पहिल्यांदा कळलं. आणि आयत्या बिळावर नागोबा ही म्हण तर अख्खं चित्रपुस्तकच आहे. नाग स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या बिळात नाहीतर वाळवीनं उभारलेल्या वारुळात शिरतो. पान एक: उंदीर खणतो. पान दोन: माती बाहेर. पुढे उंदराचं काय झालं ते मुलं स्वतः सांगतील. एखाद्या मराठी चित्रकारानं हे मनावर घ्यावं, मी पहिल्या दिवशी दहा प्रती घेईन.

तोवर जे मिळतं ते सांगते. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं मागवता येतात, आणि मराठी घरात इंदुरी हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांना चांगलं मराठी कानावर पडण्यासाठी ती मागवावीतच. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे आणि मराठीतही आहे. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' मासिक 1985 पासून निघतं. हिंदीत आहे, पण इथल्या मुलांना हिंदी घरचीच, आणि आजूबाजूचे जीवजंतू निरखून पाहायची सवय ते लावतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. मी काही छापून, फायलीत लावून ठेवल्या आहेत. बिळातल्या प्राण्यांचा शोध या सगळ्यांत घ्यावा लागतो, वेगळा कप्पा कुणी केलेला नाही.

इंग्रजी पुस्तकं मी वाचून दाखवत नाही, चित्र पुढे धरून मराठीत सांगते. त्यामुळे कमी मजकुराचं पुस्तक नेहमी जास्त उपयोगी पडतं. यमक जुळवलेली इंग्रजी पुस्तकं सांगताना अर्धी मरतात, ती टाळा.

दोन वर्षांपर्यंत भोकांचं पुठ्ठ्याचं पुस्तक, कुठल्याही प्राण्याचं. तीन ते पाच, सशाच्या पिल्लांचं आणि एकट्या मोलचं, दोन्ही मांडीवर बसवून. पहिली-दुसरीला बॅजर आणि खवले मांजर. तिसरीच्या पुढे प्रेअरी डॉग आणि नग्न मोलरॅट, आणि त्या दिवशी हाताशी नळी, उदबत्ती नि पंखा ठेवा. किलोच्या प्रदर्शनात शेवटच्या दिवशी जाऊ नका, उभी उघडणारी पुस्तकं आकारानं वेगळी असल्यामुळे ढिगातून आधी उचलली जातात. झडपा एकेक उघडून मोजा, मधलं पान सपाट करून बघा, आणि मातीचा ढीग कुठे आहे ते सोबतच्या मुलालाच शोधायला सांगा. त्याला सापडला तर पैसे द्या.